चौकटीखाली राहिलेली नावे

अंकुशनगरचा फाटा मागे पडेपर्यंत बसमध्ये मळीचा वास होता. उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यांच्यामागे उडणारे पाचट आणि कारखान्याच्या चिमणीकडून येणारा तो आंबूस, जड, केसांत बसून राहणारा वास. पुढे दोनतीन वळणे गेली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोसंबीच्या बागा सुरू झाल्या आणि नीट न बसणाऱ्या काचेच्या फटीतून बहर आत आला. शेजारच्या बाईंनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. मी पदर नाकाला लावला.

या वासात गोडवा आहे हे मी नाकारत नाही. विद्यार्थिदशेत मी त्याच्यावर कविता केल्या आहेत. त्यांत चांदणे होते, ओल्या आळ्यांतली माती होती, आणि कुणाची तरी वाट पाहणे होते. आता जानेवारी सरताना हा वास आला की मोसंबी खाताना चुकून बी चावली जावी तसे होते. जिभेच्या मुळाशी काहीतरी फुटते, आणि मग कितीही पाणी प्यायले तरी ते जात नाही.

बहर कसा धरतात हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना तो वास निरागस वाटतो. हिवाळा लागला की बागेचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. झाडे हळूहळू कोमेजतात, पाने पिवळी पडून गळतात, फांद्या उघड्या होतात. झाड आता जाते की काय असे वाटू लागले की पाणी सोडतात. आणि ते घाबरलेले झाड अंगावर जेवढी जागा असेल तेवढीभर फुलते. त्या फुलण्याला आपण आनंद म्हणतो. मीही म्हणत असे.

आठ वर्षांपूर्वीचा तो हंगाम मी जुन्या जालन्यात, धान्याच्या एका अडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर काढला. खाली तुरीची पोती उतरत. हमालांच्या पाठीवरून पोते जमिनीवर पडले की जिन्याच्या फळ्यांतून बारीक पिवळसर धूळ वर येई आणि उन्हाच्या तिरिपेत उभी राही. वर काशिनाथकाकांचे दुकान होते. पाटीवर ‘संगणकीय अक्षरजुळणी’ असे लिहिलेले. आत दोन संगणक, एक प्रिंटर, आणि चपला बाहेर काढण्याची सक्ती. प्रिंटरमधून निघणाऱ्या कागदाचा कोमट, किंचित जळका वास आणि खालच्या तुरीचा कोरडा वास यांचे जे मिश्रण होई, ते आजही मला एखाद्या पुस्तकाच्या कोऱ्या पानातून अचानक भेटते.

काकांची पस्तीस वर्षे खिळे जुळवण्यात गेली होती. शिशाचे एकेक अक्षर उचलून ओळ करायची, ओळींचे पान करायचे, आणि पान झाले की त्याच्याभोवती दोरा गुंडाळून घट्ट गाठ मारायची. छापखाना मोडीत निघाला, खिळे वजनावर गेले, काकांनी कर्ज न काढता दोन संगणक आणले; पण ती गाठ त्यांच्या बोटांतून गेली नाही. पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चौकटीत बसवायचा असतो, आणि एका पानावरची चौकट दुसऱ्या पानावरच्या चौकटीला जोडलेली ठेवता येते. एकीतून ओघळलेली ओळ आपोआप दुसरीत जाते. काकांना हे बिलकुल मंजूर नव्हते.

“पान म्हंजे पान,” ते म्हणत. “एकदा बांधलं की बांधलं. इकडं खोकलं की तिकडं शिंकतंय, असलं पान माझ्या दुकानात न्हाई चालायचं.”

म्हणून आम्ही प्रत्येक पानाची चौकट शेजारणीपासून तोडून टाकत असू. तीनशे पाने असतील तर तीनशे सुट्या चौकटी. कुणाचे कुणाशी नाते नाही. आम्ही म्हणजे मी आणि नसरीन. ती माझ्याआधी चार वर्षांपासून तिथे होती, घरी उर्दू बोलणारी आणि माझ्यापेक्षा शुद्ध मराठी टाइप करणारी. माझे मराठीचे एम.ए. झाले होते, नोकरी नव्हती, आणि टाइप करता करता मी मधेच थांबून एखाद्या वाक्याकडे पाहत बसे. नसरीनला ते दिसे.

“क्या गं,” ती मान न वळवता म्हणे, “वाक्य आवडलं का? घरी घेऊन जा मंग. इथं पानं लावायची हैत.”

शतक संपले होते, सगळीकडे नव्या सहस्रकाच्या गप्पा होत्या, आणि जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेने आपल्या अध्यक्षांच्या सत्कारासाठी गौरवग्रंथ काढायला घेतला होता. तीनशे चार पाने, सोळा सोळा पानांचे एकोणीस फर्मे. लेख चाळीसेक. बहुतेक लेखांत अध्यक्षसाहेब वटवृक्ष होते, दोन लेखांत दीपस्तंभ, आणि एका मुख्याध्यापकांनी त्यांना वटवृक्षाखालचा दीपस्तंभ केले होते. नसरीनने तो लेख मला मोठ्याने वाचून दाखवला आणि गंभीरपणे विचारले की असा दिवा जहाजांना दिसणार कसा. काका हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली.

शेवटचा लेख बाईंचा होता.

बाई म्हणजे कुंभार पिंपळगावच्या निवृत्त शिक्षिका. एका सकाळी त्या स्वतःच जिना चढून आल्या. बारीक अंगाच्या, पांढरी पातळे नेसणाऱ्या; हातात कापडी पिशवी, पिशवीत सहा पानांचा हस्तलिखित लेख आणि रुमालात गुंडाळलेली मोसंबीच्या फुलांची एक डहाळी. डहाळी त्यांनी माझ्या टेबलावर, माऊसच्या शेजारी ठेवली. त्या बंद खोलीत कळ्या एकदम इतक्या जोरात दरवळल्या की नसरीनला शिंक आली.

लेख साधा होता. संस्था निघाली त्याच्या तीन वर्षे आधी, अगदी तरुण वयात, सातवी पास झालेल्या बाईंनी भावाच्या गोठ्यात मुलींचा वर्ग सुरू केला. मान्यता नव्हती, म्हणून हजेरीपुस्तक नव्हते. बाई रोज गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने नावे लिहीत आणि नावापुढे रेघ मारत. अकरा मुली. पुढे संस्थेने तो वर्ग आपल्यात घेतला, गोठ्याला चुना मारून त्याची शाळा केली. भिंत पांढरी झाली आणि संस्थेच्या दप्तरात मुलींच्या शिक्षणाची सुरुवात त्या चुन्याच्या तारखेपासून झाली. बाईंनी याबद्दल कुठेही तक्रार लिहिली नव्हती. लेखाच्या शेवटी फक्त अकरा नावे होती, एकाखाली एक.

“बाळ,” बाई म्हणाल्या, “तुझ्या हातून जाऊन राह्यलं हे, म्हणून तुला सांगते. जागा कमी पडली तर मधलं खुशाल काढ. माझ्याबद्दलचं तर सगळं काढलं तरी चालेल. खालची नावं तेवढी राहू दे.”

“राहतील बाई,” मी म्हणाले.

“त्यांची लग्नं झाली. लग्नात ताटातल्या तांदळात दुसरं नाव लिहिलं गेलं. आता त्या नावांनी त्यांना कुणी ओळखत न्हाई. भिंत गेली. माझ्या डोक्यात हैत तोवर हैत.” मग त्यांनी डोक्याला बोट लावले आणि हसल्या. “आन् हे आता लई दिवसाचं न्हाई.”

काकांनी त्यांना चहा मागवला. बाईंनी बशीत ओतून प्यायला आणि जाताना पायऱ्या मोजत उतरल्या, मुलींना अंक शिकवताना मोजाव्यात तशा.

लेख मी टाइप केला. त्यातल्या एका परिच्छेदापाशी थांबले, आणि खरे सांगायचे तर अजून तिथेच थांबलेली आहे. पहिल्या दिवशीचा प्रसंग होता. मुली भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर पाट्या. बाईंनी सगळ्यांना ‘ग’ काढायला लावला. खुंट्याला बांधलेल्या वासराने मान लांबवली आणि पहिल्या पाटीवरचा ‘ग’ चाटून टाकला. मुलगी रडवेली झाली, तिने पुन्हा काढला. वासराने पुन्हा चाटला. मग सगळ्याच हसू लागल्या आणि आपापली पाटी त्याच्यापुढे धरू लागल्या. वासराची जीभ खरखरीत होती, पाट्या त्या दिवशी कापडाने पुसल्यापेक्षा स्वच्छ झाल्या, आणि ओल्या काळ्या दगडावर दाराबाहेरचे आभाळ दिसू लागले. एवढेच. अकरा ओळींचा परिच्छेद. त्या तीनशे चार पानांत जिवंत म्हणावे असे तेवढेच होते. संध्याकाळी नदीवरच्या पुलावरून नव्या जालन्याकडे घरी जाताना मी तो मनात म्हणत गेले. माझ्या स्वतःच्या कविता मला तशा पाठ नव्हत्या.

बाईंचा लेख सहा पाने भरून शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीवर संपला. अकरावे नाव अगदी चौकटीच्या तळाशी बसले. त्याच्या पुढच्या पानापासून जाहिराती होत्या. बियाणेवाले, कापडवाले, पंपवाले. त्या पानांना हात लावायचा नव्हता.

पुस्तक लागून झाले, प्रुफे निघाली, आणि संस्थेचे सचिव स्कूटरवरून आले. ते नेहमी जिन्यातूनच बोलायला सुरुवात करत.

“काका, फस्क्लास झालं. एक छोटंसं काम राह्यलं. वरच्या अंगाला एक पट्टी पाहिजे. दिव्याचं चिन्ह आन् संस्थेचं नाव.”

“कोणत्या पानावर?”

“समद्या. माणसानं कोणतंबी पान उघडलं, त्याला कळलं पाहिजे का हे कुणाचं पुस्तक हे.”

“तीनशे चार बार कळेगा,” नसरीन पडद्याकडे पाहत पुटपुटली.

काकांनी मोजपट्टी घेऊन प्रुफावर मोजले. “अर्धा इंच जाईल. मंग समदी पानं खाली सरकवा लागतील. पानामागं तीन ओळी बाहेर पडतील. फर्मा वाढवावा लागंल साहेब.”

“फर्मा वाढवायचा न्हाई. छापखान्याला कागद जाऊन पडला. सरकवा ना, त्यात काय. मिशीनच हे.” मग ते माझ्याकडे वळले. “म्याडम, तुमचं एमे झालंय ना मराठीत? जूनला आपल्या ज्युनिअर कॉलेजात जागा निघून राह्यली. अर्ज करून ठेवा.”

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशीपासून सरकवणे सुरू झाले. पहिले पान उघडायचे. चौकटीवर टिचकी द्यायची. तिच्याभोवती बारीक काळे ठिपके उमटतात. डावीकडून पाऊण इंच, वरून सव्वा इंच. आकडे घातले की चौकट अर्धा इंच खाली उतरते आणि तिचा तळ पानाबाहेर जातो. तळ वर ओढायचा. तीन ओळी नाहीशा होतात. चौकटीच्या खालच्या कडेला मधोमध एक लहान खूण असते. मजकूर पुरा बसला असेल तर ती रिकामी दिसते, खाली काही दडून राहिले असेल तर तिच्यात लाल त्रिकोण येतो. चौकटी जोडलेल्या असत्या तर त्या तीन ओळी आपल्या पायांनी पुढच्या पानावर गेल्या असत्या. आमच्या चौकटी काकांनी बांधलेल्या होत्या. त्या दडलेल्या ओळी आम्ही हाताने शोधायच्या, कापायच्या, आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर नेऊन चिकटवायच्या. मग पुढच्या पानातून सहा ओळी बाहेर पडत. त्याच्या पुढच्यातून नऊ. लेख संपेपर्यंत हे ओझे वाढत जाई आणि लेखाच्या शेवटी मोकळी जागा असली की तिथे उतरे.

पाच दिवस मी आणि नसरीन हेच करत होतो. डावीकडून पाऊण, वरून सव्वा. वीज गेली की संगणकाखालचा बॅटरीचा डबा ठराविक अंतराने ओरडे आणि आम्ही घाईघाईने काम साठवून ठेवत असू. बोटांच्या टोकांना माऊसचा घाम, डोळ्यांत पडद्याची पांढरी आग, खालून तुरीची धूळ. टेबलावरच्या डहाळीच्या पाकळ्या तपकिरी झाल्या होत्या, पण वास गेला नव्हता. सुकताना तो उलट गडद झाला होता. वटवृक्ष खाली सरकले. दीपस्तंभ खाली सरकले. शब्द वाचणे मी तिसऱ्याच दिवशी सोडून दिले होते. कवितेवर पोसलेल्या माणसाला मजकूर फक्त एक राखाडी ठोकळा दिसू लागतो तेव्हा त्याला थोडी लाज वाटायला हवी. मला आराम वाटला होता.

शनिवारी दुपारी मी बाईंच्या लेखापाशी पोहोचले. चारच्या एसटीने सगळी पाने औरंगाबादच्या छापखान्यात जायची होती. सहा पाने, पानामागे तीन ओळी. अठरा ओळी बाहेर, आणि शेवटी मोकळी जागा नाही. दोन उपशीर्षके ओळीत घेतली, परिच्छेदांमधली अंतरे आवळली, एकदोन शब्दांनी संपणाऱ्या ओळी मागे ओढल्या. सात ओळी वाचल्या. अकरा उरल्या.

शेवटच्या चौकटीच्या तळाशी लाल त्रिकोण होता. मी तळ खाली ओढून पाहिला. अकरा नावे उतरली आणि पुढे पानावर जागा नव्हती. ती खालच्या समासातून, पानाच्या कडेवरून, पडद्यावरच्या बाहेरच्या करड्या पटावर लोंबू लागली. मी तळ वर नेला. नावे गेली. पुन्हा खाली, पुन्हा आली.

आणि मला बाईंचे शब्द आठवले. ते आठवले नाहीत असे सांगण्याची सोय मी ठेवलेली नाही. जागा कमी पडली तर मधले खुशाल काढ. अकरा ओळी हव्या होत्या आणि अकरा ओळींचा परिच्छेद दुसऱ्या पानावर होता. मी तिथे गेले. तो आरंभापासून अंतापर्यंत निवडला. वासरू, पाट्या, ओल्या दगडावरचे आभाळ, सगळे एका काळ्या पट्ट्याखाली आले. एक कळ दाबायची होती. मी तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचला.

मला वासरू कापवेना.

एवढेच घडले. मला वाटले, हे साहित्य आहे आणि ती यादी आहे. यादी कुठेही देता येते, एक चिटोरे छापून पुस्तकात घालता येते. मी तसे काकांना सोमवारी सांगेन. वाक्य एकदा गेले की गेले. असल्या विचारांना माझ्या शिक्षणात फार चांगली नावे होती. मी निवड सोडली, शेवटच्या पानावर परत आले, आणि तळ चौकटीच्या मापावर बसवला.

नसरीन मागे उभी होती. “नीचे कुछ बाकी है,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

ती प्रिंटरमध्ये कागद भरायला गेली. पान बाहेर आले. कोमट, गुळगुळीत, माथ्यावर दिवा. छापताना लाल त्रिकोण छापला जात नाही.

सोमवारी मी काकांना चिटोऱ्याबद्दल काही बोलले नाही. मंगळवारीही नाही. बाईंचे हस्तलिखित इतर हस्तलिखितांबरोबर गठ्ठ्यात बांधून संस्थेकडे परत गेले आणि तिथून पुढे कुठे गेले ते कुणालाही सांगता आले नाही. जूनमध्ये मला नोकरी लागली. निरोप घ्यायला दुकानात गेले तेव्हा नसरीनने पेढा घेतला, खाल्ला, आणि शांतपणे म्हणाली, “नोकरी के वास्ते चुप बैठी ना तू? मी समजू शकते. मलाबी घर हे.”

मी तिला दुरुस्त केले नाही. नोकरीसाठी गप्प बसणे हे माणसाला समजण्याजोगे आहे. खरे कारण मला तिच्यापुढे उच्चारता आले नसते.

त्याआधी बाई एकदा येऊन गेल्या होत्या. समारंभ झाल्यावर, ग्रंथ छातीशी धरून. खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, आणि थेट आपला लेख उघडला. पाने सावकाश उलटली. वासरापाशी हसल्या. शेवटच्या पानावर आल्या, बोट तळापर्यंत गेले, पान उलटले. तिथे बियाण्याची जाहिरात. पान परत फिरवले. मग त्यांनी जिभेने बोट ओले केले आणि पानाचा कोपरा चुरगाळत दोन पाने वेगळी होतात का ते पाहू लागल्या.

“चिकटलंय का गं हे?”

“नाही बाई,” मी म्हणाले. “जागा नव्हती.”

खाली पोते पडल्याचा आवाज आला, धूळ वर आली. “तुला म्हणलं व्हतं ना मी,” त्या म्हणाल्या, पण ते मला विचारलेले नव्हते. मग त्यांनी पानाच्या माथ्यावरून हात फिरवला. “ही दिव्याची पट्टी चांगली निघाली. समद्या पानांवर हे.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला तो धरून उभे राहता आले असते.

“तुम्ही सांगा, मी इथे मोकळ्या जागेत लिहून देते,” मी म्हणाले. समासाकडे बोट दाखवले.

“हातानं लिहिलेलं कोण खरं धरतं?” बाई म्हणाल्या. “भिंतीवर बी हातानंच लिहिलं व्हतं.” ग्रंथ पिशवीत घातला आणि जिना उतरल्या. पायऱ्या मोजल्याचा आवाज त्या वेळी आला नाही.

मी तेव्हाच वहीत नावे उतरवून घ्यायला हवी होती. त्यांच्या मागोमाग जिना उतरून, हवे तर एसटी स्टँडपर्यंत जाऊन. गेले नाही. पुढच्या वर्षी जाऊ असे ठरवले. दर वर्षी बहर आला आणि दर वर्षी मी हे ठरवले. मधल्या काळात काकांचे दुकान गेले. त्या जागी आता फलक छापतात, वाढदिवसांचे, नेत्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांचे. त्या ग्रंथाची फ्लॉपी मी मागून आणली होती. गेल्या पावसाळ्यात उघडून पाहिली तर चकतीवर पांढरी बुरशी, आणि ती वाचणारे यंत्र कॉलेजात एकच उरलेले. ते थोडा वेळ खरवडल्यासारखा आवाज करत राहिले आणि थांबले. त्या चकतीवर बाईंच्या लेखाखाली अकरा नावे अजून असतील. कुणीच ती पुसलेली नाहीत. फक्त चौकट वर आहे.

आज बारावीच्या तोंडी परीक्षेसाठी मला कुंभार पिंपळगावला नेमले होते; सकाळची ती बस तिकडेच चालली होती. परीक्षा दुपारी आटोपली. मुलींनी पाठ केलेल्या कविता म्हटल्या, अडखळल्या की मी पहिला शब्द सुचवला. तो माझ्या कामाचा भाग आहे. मग कुणाला तरी विचारत बाईंच्या पुतण्याच्या घरी गेले.

पुतणसून ओट्यावर तूर पाखडत होती. “आत हैत आत्याबाई,” ती म्हणाली. “पण ओळखायच्या न्हाईत बरं का. मागच्या साली पडल्यात, तवापासून असंच. दिवसभर हजेरी घेऊन राह्यल्या. आम्ही आपलं हजर म्हणतो.” ती हसली, तिच्या हसण्यात कंटाळा नव्हता.

खोलीला एकच खिडकी होती आणि खिडकीबाहेर बाग. बाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. भिंत कोरी, चुन्याची. त्यांचे बोट भिंतीवर हळूहळू चालत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी मान वळवली. ओळख दिसली नाही, पण नजर बाईंची होती. वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे पाहावे तशी.

“गंगू,” त्या म्हणाल्या, आणि बोटाने भिंतीवर एक रेघ मारली. “शेवंता. हलीमा. द्वारका.”

चार रेघा झाल्या. पाचव्या जागी बोट थांबले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. गंगू, शेवंता, हलीमा, द्वारका. बोट पुन्हा तिथेच थांबले, आणि भिंतीवर टेकलेले राहिले. वहीचे पान माझ्या पर्समध्ये होते, पेनही होते. मी ती चारही नावे लिहून घेतली.

“पुढचं?” बाईंनी विचारले.

त्यांचा प्रश्न स्वतःला नव्हता. त्या माझ्याकडे पाहत होत्या, थांबल्या होत्या; मुलीला येत असणार, फक्त लाजते आहे, असा विश्वास चेहऱ्यावर. या जगात ती नावे ज्याच्या डोळ्यांखालून गेली होती असे माणूस आता बहुधा मी एकटीच. ती मी टाइप केली होती. खाली ओढली होती, वर ढकलली होती, पुन्हा खाली ओढली होती. मी आठवण्याचा प्रयत्न केला. डावीकडून पाऊण इंच, वरून सव्वा इंच. खुंट्याला बांधलेल्या वासराने मान लांबवली. मुली भिंतीला टेकून बसलेल्या. तो सगळा परिच्छेद मला पाठ होता, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, विरामचिन्हांसह.

खिडकीतून बहराचा वास आत येत होता. बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग भिंतीवरचे बोट काढून घेतले आणि न रागावता म्हणाल्या, “बस खाली. उद्या पाठ करून ये.”